परीक्षेशिवाय मुलाचं शिकणं दाखवायचं कसं: घरशाळेतल्या पालकांसाठी क्रमवार मार्गदर्शन

घरी शिकवणाऱ्या पालकांनी चाचण्या बंद केल्या की त्यांची जागा बहुधा ‘प्रोजेक्ट’ घेतो. रंगीत कागद, थर्माकोल, फोटो आणि एक देखणी फाइल. वर्षाच्या शेवटी फाइल जाडजूड झालेली असते, तरी ‘याला टक्केवारी येते का?’ एवढ्या साध्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात सापडत नाही. कारण क्रम उलटा झालेला असतो: आधी काम करून घेतलं, मग त्यातून मूल काय शिकलं ते शोधायला बसलो.

खालचा क्रम साधारण सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे, आणि उदाहरणं गोव्यातली आहेत. एका घटकाला तीन ते पाच आठवडे धरा. घाईत पायऱ्या गाळल्या जातात तेव्हा दुसरी आणि सातवी हमखास गाळली जाते, आणि नेमक्या त्याच दोन सगळ्यांत कामाच्या आहेत.

साहित्य फार लागत नाही: एक रिंगफाइल, एक शंभर पानी वही, एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा, मोबाइल आणि बॉलपेन. खोडरबर कपाटात ठेवा. का ते पाचव्या पायरीत येईल.

१. आधी एक वाक्य लिहा

‘अपूर्णांक समजले’ हे वाक्य काही कामाचं नाही. समजलं हे डोळ्यांना दिसत नाही. ‘दोन उंडे (गोव्यातले पाव) तीन जणांत सारखे वाटले तर प्रत्येकाला किती मिळेल हे चित्रातही दाखवता येतं आणि अंकातही लिहिता येतं’ हे वाक्य चालेल, कारण ते घडताना पाहता येतं.

वाक्यात मूल काय करेल ते क्रियापद हवं: मोजतं, कारण सांगतं, अंदाज बांधतं, गट पाडतं, पत्र लिहितं. एका घटकाला अशी दोन किंवा तीन वाक्यं पुरेत. तीन महिन्यांत पाच-सहा घटक घेतले तरी खूप झाले. सुरुवात कुठून करायची कळत नसेल तर एनसीईआरटीने (शालेय अभ्यासक्रमाचं काम पाहणारी राष्ट्रीय संस्था) २०१७ साली पहिली ते आठवीसाठी काढलेल्या अध्ययन निष्पत्ती, म्हणजे कोणत्या इयत्तेत मुलाला काय करता यावं त्याच्या याद्या, पाहा. त्यातली वाक्यं बरीचशी याच घडणीची आहेत. फक्त ती जशीच्या तशी उतरवू नका. आपल्या घरातल्या वस्तू घालून पुन्हा लिहा.

तपासा: वाक्य घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाला वाचून दाखवा. ‘हे जमलं की नाही ते मी नुसतं बघून सांगू शकेन’ असं ते म्हणाले तर पुढे जा.

२. शिकवण्याआधीची नोंद घ्या

घटक सुरू करायच्या आदल्या दिवशी दहा मिनिटं. एक प्रश्न विचारा, मूल जे सांगेल किंवा काढेल ते तसंच ठेवा. ‘समुद्राचं पाणी वर का चढतं?’ यावर आठ वर्षांचं मूल ‘पाऊस पडला म्हणून’ म्हणालं, तर तेच शब्द तारखेसह वहीत लिहा. दुरुस्त करू नका, हसू नका, ‘विचार कर जरा’ही म्हणू नका.

ही नोंद नसेल तर शेवटचं सुंदर काम काहीच सिद्ध करत नाही. ते मुलाला आधीपासून येत असेल, किंवा तुम्ही करून दिलं असेल. आधीचं चुकीचं उत्तर आणि नंतरचं बरोबर उत्तर शेजारी-शेजारी ठेवली की शिकणं दिसतं.

३. वाक्याला शोभेल असा पुरावा निवडा

इथे वेळ घ्या. सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात. वाक्यात ‘कारण सांगतं’ असेल आणि तुम्ही भित्तीचित्र करायला लावलं, तर मुलाचं चित्र सुधारेल, कारण मात्र कळणार नाही.

नियम एकच: प्रत्येक घटकाला दोन वेगळ्या तऱ्हांचे पुरावे, आणि त्यातला एक मुलाच्या स्वतःच्या आवाजात किंवा स्वतःच्या शब्दांत. गोव्यात सहज जमतील असे काही पर्याय तपशिलात देत आहोत.

मोजमाप आणि टक्केवारी: सोलां, म्हणजे भिरंडांच्या (कोकमाच्या फळांच्या) साली त्यांच्याच रसात बुडवून वाळवलेली. एप्रिल-मे महिन्यांत पुरुमेंताची (पावसाळ्यासाठीच्या साठवणीची) तयारी चालू असते, तेव्हा हे सगळ्यांत सोपं. भिरंडांच्या एक किलो ताज्या साली एका ताटात वेगळ्या काढा. रोज संध्याकाळी एकाच वेळी वजन करायचं, ताटाचं वजन वजा करायचं आणि आलेख काढायचा. या ताटातल्या साली रसात बुडवू नका. नाहीतर वजन पुन्हा वाढतं आणि आलेख वेडावाकडा होतो. बुडवायच्या साली दुसऱ्या ताटात.

खरी गंमत हिशेबात आहे. समजा १००० ग्रॅमचे पहिल्या दिवशी ७०० झाले आणि दुसऱ्या दिवशी ५२५. पहिल्या दिवसाची घट ३० टक्के, दुसऱ्या दिवसाची ७०० वर २५ टक्के. आता एकूण घट विचारा. बरीच मुलं ३० आणि २५ मिळवून ५५ टक्के सांगतात. खरी घट ४७.५ टक्के. ज्याला हा फरक का पडला ते सांगता येतं त्याला टक्केवारीचा पाया कळला. दहा उदाहरणांची चाचणी घेतली असती तर कदाचित दहापैकी दहा आले असते आणि हे कळलंच नसतं.

कार्यकारण: मानशीचं मॉडेल. खाजन शेताच्या (खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या सखल शेताच्या) बांधातली मानस, म्हणजे पाण्याची झडप, भरतीला आपोआप बंद होते आणि ओहोटीला उघडते. ती कशी, हे सांगायला नुसतं चित्र पुरत नाही. पाणी धरणारा पसरट टब घ्या, अंदाजे ३५ सेंटिमीटर लांब. मधोमध प्लास्टिकच्या जुन्या झाकणाची भिंत उभी करा, कडा खेळण्याच्या मातीने बंद करा. भिंतीची एक बाजू नदी, दुसरी शेत. भिंतीत खालच्या बाजूला ३ बाय ३ सेंटिमीटरचं भोक. फाइलच्या प्लास्टिक कव्हरमधून ४ बाय ४ ची झडप कापा, म्हणजे चारही बाजूंनी अर्धा सेंटिमीटर भिंतीवर टेकेल. ती नदीच्या बाजूने भोकावर ठेवून फक्त वरच्या कडेला पाण्याने न सुटणारी टेप लावा. नदीकडच्या पाण्यात थोडं मीठ आणि कोकमाचा रंग घाला. शेतात गळती झाली तर लगेच दिसते.

पहिल्या खेपेला झडप बहुधा नीट बसत नाही, कारण पातळ प्लास्टिक पाण्यात तरंगू पाहतं. खालच्या कडेला छोटा वॉशर चिकटवला की काम होतं. पण हे तुम्ही सांगू नका. मुलाला गळती दिसू दे, दोन-तीन उपाय करू दे. त्याने काय-काय करून पाहिलं तीच नोंद फाइलमध्ये हवी. शेवटी एकच प्रश्न विचारा: झडप शेताच्या बाजूने लावली तर काय होईल? पाठ केलेल्या मुलाला उत्तर येत नाही. समजलेलं मूल म्हणतं, भरतीचं खारं पाणी झडप ढकलून आत येईल आणि पावसाचं पाणी शेतातच अडकेल.

अंदाज: भरतीची वेळ. रायबंदर किंवा बेतीच्या फेरीबोटीच्या धक्क्यावर एक कायमची खूण निवडा, खांबावरचा डाग वगैरे. चार दिवस सलग, पाणी त्या खुणेला कधी लागतं ते लिहा. वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते हे मुलाच्या स्वतःच्या आकड्यांतून निघायला हवं. मग पाचव्या दिवसाची वेळ आधी लिहून, घडी घालून, आजीकडे द्यायची. अंदाज अर्ध्या तासाच्या आत आला तर उत्तम. मुरगाव बंदराच्या तक्त्याशीही ताडून पाहता येईल, पण नदीत वर भरती थोडी उशिरा पोचते, त्यामुळे दोन्ही वेळा तंतोतंत जुळणार नाहीत. का जुळत नाहीत, हा दुसरा चांगला प्रश्न.

सावधान: धक्का असो की बांध, पावसाळ्यात शेवाळाने निसरडा होतो. मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय नाही, आणि पाण्यात उतरणं तर नाहीच.

वर्गीकरण: माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली, फळं-फुलं बांधलेली लाकडी चौकट. चतुर्थीला माटोळीला जे-जे बांधतात त्याची मुलाने यादी करायची: नारळ, सुपारीचे शिपटे, चिबूड, आंबाडे, तोरिंग, माट्टी, घागऱ्या. प्रत्येकाला चिठ्ठी: घरातलं नाव, झाडाचा कोणता भाग, कुठून आलं (कुळागर म्हणजे नारळ-सुपारीची बाग, रान की बाजार). त्यानंतर मुलाने आपल्या मनाने गट पाडायचे आणि गटांचा नियम सांगायचा. तुमचे गट देऊ नका. नियम मोडणारी एखादी वस्तू मात्र हळूच पुढे करा आणि ते काय करतं बघा. माटोळीची काही रानफळं खाण्याजोगी नसतात, तेव्हा चाखून बघणं बंद.

इतिहासाला कालपट्टी सगळे करतात, आणि ती बहुतेक वेळा तारखांची माळ होते. १९ डिसेंबर १९६१ (गोवा मुक्ती), १६ जानेवारी १९६७ (जनमत कौल), ३० मे १९८७ (घटकराज्य) हे तीन कागद दोरीला लावणं म्हणजे पाठांतरच. त्याऐवजी मधला कागद काढून घ्या आणि विचारा, हा जनमत कौल झालाच नसता तर तिसरा कागद इथेच आला असता का? त्या वेळी महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाच्या बाजूने आणि विरोधात लोक काय म्हणत होते, हे घरातल्या किंवा शेजारच्या वयस्कर माणसांकडून ऐकून दोन्ही बाजू मुलाने मांडायच्या. आपली स्वतःची बाजू त्याच्या तोंडी घालण्याचा मोह इथे फार होतो. आवरा.

भाषेला खरा वाचणारा द्या: काकीला पत्र, पंचायतीला रस्त्यावरच्या दिव्याबद्दल अर्ज, धाकट्या भावंडासाठी खेळाचे नियम. नियम वाचून त्या भावंडाला खेळता आलं की लेखन जमलं.

४. निकष काम सुरू होण्याआधी ठरवा

तीनच पातळ्या ठेवा: ‘आधाराने जमतं’, ‘स्वतः जमतं’, ‘नव्या ठिकाणीही वापरतं’. पहिल्या पायरीतल्या प्रत्येक वाक्यासमोर या तीन पातळ्यांचा अर्थ लिहा. मानशीचं उदाहरण घ्या:

आधाराने: झडप कशी हलते ते प्रश्न विचारत नेलं की सांगतं.
स्वतः: भरती आणि ओहोटी, दोन्ही वेळची हालचाल आणि कारण न विचारता सांगतं.
नव्या ठिकाणी: झडपेची बाजू बदलली तर काय होईल ते करून पाहण्याआधी सांगतं.

हा कागद मुलाला पहिल्याच दिवशी दाखवा. नऊ-दहा वर्षांपुढच्या मुलाला शब्द निवडायला बरोबर घ्या.

दहापैकी गुण देऊ नका. दिलेत की तीच परीक्षा मागच्या दाराने परत आली. आणि टापटीप, अक्षर, रंगकाम या गोष्टी या कागदावर नकोत. हव्याच असतील तर वेगळ्या ओळीत. सुबक मॉडेल करणाऱ्या मुलाला समज नसली तरी वरची पातळी मिळते आणि गबाळ्या पण हुशार मुलावर अन्याय होतो, तो याच एका घोळामुळे.

५. काम चालू असताना हात मागे

मदत करू नका असं म्हणणं सोपं आहे, घडत नाही. म्हणून मदत लिहून ठेवा. वहीच्या समासात तीन अक्षरं पुरतात: ‘ख’ म्हणजे खूण दिली, ‘स’ म्हणजे तोंडी सांगितलं, ‘क’ म्हणजे करून दाखवलं. एका घटकात ‘क’ तीनपेक्षा जास्त वेळा आला तर काम मुलाच्या आवाक्याबाहेरचं आहे. वाक्य सोपं करा. मुलाला दोष देऊ नका.

खोडरबर बंद करण्याचं कारण हेच. चूक खोडली की पुरावा गेला. एक आडवी रेघ मारून पुढे लिहू द्या. पहिला कच्चा खर्डा कितीही वाईट दिसला तरी टाकायचा नाही.

फोटो तीन: सुरुवातीला, अडल्यावर, शेवटी. शंभर फोटो काढणाऱ्या पालकांना शेवटी एकही सापडत नाही. आवाज ध्वनिमुद्रित करत असाल तर दोन-तीन मिनिटांच्या वर नको, आणि मध्ये तुमचा आवाज येता कामा नये. ‘हं, आणि मग? ते सांग ना, काल सांगितलं होतंस ते...’ असं ऐकू आलं तर ते मुद्रण पुरावा म्हणून बाद.

तपासा: फाइलमधलं काम अनोळखी माणसाला दाखवलं, तर ते मुलाचं आहे असं वाटेल का? फारच सफाईदार वाटत असेल तर समासातली अक्षरं पुन्हा मोजा.

६. दाखवण्याची बैठक

ऐकायला दोन ते चार माणसं. गर्दी नको, घरातल्या सणाच्या दिवशी तर मुळीच नको. पाच मिनिटं मूल सांगेल, दहा मिनिटं प्रश्न. वीस मिनिटांच्या वर गेलं की लहान मुलं कंटाळतात आणि मोठी नाटक करू लागतात.

ऐकणाऱ्यांना आधी चिठ्ठ्या द्या. चिठ्ठीवर एकेक प्रश्न: ‘हे तुला कसं कळलं?’, ‘कुठे अडलं होतं?’, ‘असं केलं नसतं तर?’ चिठ्ठी नसेल तर आजोबा ‘वा, किती हुशार!’ म्हणतात आणि मामा राजधान्या विचारायला लागतो. दोन्हींचा उपयोग नाही.

भाषेबद्दल एक गोष्ट. गोव्यातली अनेक मुलं घरी कोकणी बोलतात, गोष्टी मराठीत वाचतात आणि विज्ञानाचं पुस्तक इंग्रजीत असतं. मानस कशी चालते ते मूल कोकणीत धडाधड सांगत असेल तर विज्ञानाचा पुरावा पूर्ण झाला. मराठीत लिहून काढणं हा भाषेचा वेगळा घटक. त्याचं वाक्य वेगळं, निकष वेगळे. दोन्ही एकाच वेळी तपासायला गेलं की मूल गप्प होतं आणि त्याला विज्ञान येत नाही असा समज होतो.

७. तीन आठवड्यांनी पुन्हा

ताज्या कामानंतर सगळ्यांनाच सगळं येतं. खरं काय उरलं ते दोन-तीन आठवड्यांनी कळतं. निकष लिहिता त्याच दिवशी कॅलेंडरवर ही तारीख टाका, नाहीतर राहून जाते.

मॉडेल, वही, फोटो काहीही समोर नको. पंधरा मिनिटं. प्रश्न तोच नको, बदललेला हवा. टक्केवारीसाठी: मानकुराद आंब्यांचा भाव पहिल्या आठवड्यात २० टक्के उतरला, पुढच्या आठवड्यात आणखी २० टक्के, मूळ भावापासून एकूण किती उतरला? उत्तर ३६ टक्के. मुलाने ४० सांगितलं तर सोलांचा हिशेब त्याला सोलांपुरताच आला होता. मानशीसाठी: बांधाला भगदाड पडलं तर मानस बंद असून काय फायदा? वर्गीकरणासाठी बाजारातून तीन अनोळखी भाज्या आणून ठेवा आणि कोणत्या गटात टाकशील ते विचारा.

आलं नाही तर ओरडण्यासारखं काही नाही. ‘आधाराने’ असं लिहा, पुन्हा थोडं शिकवा, आणखी तीन आठवड्यांनी बघा. दुसऱ्या पायरीतली नोंद आणि ही नोंद, एवढ्या दोनच गोष्टी ठेवल्या तरी निम्मं काम झालं.

८. एका घटकाला एक पान

पानावर पाच गोष्टी: वाक्य, आधीची नोंद, कामाचा एक फोटो किंवा मूळ कागद, मदतीची अक्षरं आणि तीन आठवड्यांनंतरची पातळी. खाली मुलाचं स्वतःचं एक वाक्य: ‘मला अजून हे कळत नाही.’ हे वाक्य रिकामं राहिलं तर बैठक खरी झाली नव्हती असं धरा. तीन महिन्यांना बारा-पंधरा पानांच्या वर फाइल जाऊ देऊ नका. मोबाइलमधल्या नोंदींच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि घटक टाका, म्हणजे त्या आपोआप क्रमाने लागतात.

पावसाळ्यात कागद टिकवणं हे इथलं स्वतंत्र काम. जूनपासून फाइल बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवू नका. झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. जेल पेनची शाई दमट हवेत पसरते, म्हणून बॉलपेन. डिंकाने चिकटवलेलं सुटतं आणि त्यावर बुरशीही धरते. शिवा किंवा स्टेपल करा. पानं-फुलं वाळवायची तर वर्तमानपत्रात दाबून रोज कागद बदला, आठवडाभर. दर महिन्याला सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा.

९. प्रमाणपत्र लागेल तेव्हा

फाइल कितीही चांगली असली तरी ती दहावीचं प्रमाणपत्र नव्हे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, हा घरशाळेतल्या मुलांचा नेहमीचा मार्ग. माध्यमिक प्रवेशाला किमान १४ वर्षं पूर्ण हवीत, प्रमाणपत्राला किमान पाच विषय आणि उत्तीर्ण व्हायला प्रत्येक विषयात ३३ टक्के. लेखी परीक्षेखेरीज घरून करून द्यायचं शिक्षक-मूल्यांकित कार्य असतं आणि त्याला २० टक्के भार असतो. सहा-सात वर्षं पुरावे गोळा करत आलेल्या मुलाला हे कार्य जड जात नाही. जड जातो तो तीन तासांचा पेपर.

म्हणून बाराव्या-तेराव्या वर्षापासून महिन्यातून एकदा, एकाच घटकावर, घड्याळ लावून लिहायला बसवा. सुरुवातीला ३० मिनिटं, दर तीन महिन्यांनी १५ मिनिटं वाढवा. या वेगाने अडीच वर्षांत तीन तास होतात. या लिखाणाची पातळी आठव्या पायरीतल्या पानावर नोंदवू नका. तो लिहिण्याच्या वेगाचा सराव आहे, त्याची वही वेगळी.

मध्येच शाळेत घालायचं ठरलं तर तिथे प्रवेशाआधी काय तपासतात ते लेखी विचारून घ्या, कारण शाळागणिक पद्धत बदलते. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शिक्षणाचा हक्क कायद्यानुसार वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळण्याची तरतूद आहे. जाताना सगळी फाइल नेऊ नका. भाषा, गणित आणि परिसर यांची प्रत्येकी दोन पानं, आणि मुलाला बरोबर घेऊन जा. पानावर काय आहे ते त्यालाच सांगू द्या.